थंडीत परसबाग का सुटते, आणि ती धरून कशी ठेवायची



जून-जुलैमध्ये गटात बियाण्यांची पाकिटं वाटली तो दिवस आठवतो का? कुणाला भेंडी मिळाली, कुणाला दोडका, कुणी दुधीसाठी भांडलं. आठ दिवसांत वाफे तयार झाले, कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रोज नवा फोटो. श्रावणात तर "ताई, आज घरचीच गवार" असं सांगताना प्रत्येकीचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता मार्गशीर्ष आला. आज संध्याकाळी जरा घरामागे जाऊन बघा. दोडक्याचा वेल कुंपणावर वाळून गेलाय. भेंडीची झाडं डोक्याएवढी वाढलीत आणि शेंगा जून होऊन तडकल्यात. एका वाफ्यात कोंबड्या माती उकरतायत. ग्रुपवर बागेचा फोटो येऊन महिना झाला असेल.

लाजू नका. मी कृषी सखी, गावोगाव परसबागेचं सांगत फिरते, पण दोन वर्षांपूर्वी माझीच बाग डिसेंबरात वाळली होती. दुसऱ्यांच्या बागा बघायला जायचे आणि घरी आले की मागचं दार उघडायची इच्छा होत नव्हती. कुणी विचारलं की "पाणी नाही हो" असं सांगायचे. पाणी होतं, अंगात बळ नव्हतं. म्हणून हा लेख उपदेशाचा नाही. थंडीत बाग हातातून का सुटते ते आधी समजून घेऊ, मग कमीत कमी कष्टात ती कशी चालू ठेवायची ते बघू.

हा आळस नाही, याला कारणं आहेत

पहिलं कारण कामाचं. पावसाळ्यात निंदणी-खुरपणी असतेच, पण थंडीत कामं एकावर एक येतात. कापसाची वेचणी सुरू, तूर काढायला आली, ज्वारी-हरभऱ्याकडे बघायचं, कांद्याची लागवड, कुणाकडे ऊसतोडीला जायची तयारी. एक ताई मला म्हणाल्या, "दिवसभर कापूस वेचून आल्यावर कंबर धरते बघा. त्यात मेथीला पाणी घाल म्हणता. मला कोण पाणी देतंय हातात?" त्यांचं काय चुकलं?

दुसरं कारण दिवसाचं. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तो जेमतेम अकरा तासांवर येतो. म्हणजे उजेडाचे दोन तास गेले. पावसाळ्यात मजुरीवरून आल्यावर सातपर्यंत दिसायचं, तेव्हा बागेत चक्कर व्हायची. आता घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, आणि सकाळी गारठ्यात हात पाण्यात घालवत नाही. बागेसाठीची वेळच दिवसातून निघून गेली. आपण मात्र म्हणतो, "माझंच मन लागत नाही."

तिसरं कारण झाडांचं. पावसाळ्यात बी टाकलं की चौथ्या दिवशी कोंब दिसतो. थंडीत तेच बी आठ-दहा दिवस घेतं. कोथिंबीर तर पंधरा-पंधरा दिवस दिसत नाही. आपल्याला वाटतं बी खराब निघालं, आपण पाणी बंद करतो, आणि मग ते खरंच मरतं. भेंडी, गवार, काकडी, दोडका ही उबेची पिकं. गारठ्यात ती वाढत नाहीत, फुलं गळतात. पावसाळ्यातलीच झाडं ओढत राहिलो तर कष्ट तेवढेच आणि हातात काही नाही. असं झाल्यावर कुणाचंही मन उडेल.

चौथं कारण सोबतीचं. पावसाळ्यात मोहीम असते, बियाणं मिळतं, कुणी बघायला येतं. थंडीत विचारणारं कुणी नसतं. त्यात खरीप निघालं की गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात. एकदा शेळीने वाफा साफ केला की परत पेरायचा जीव होत नाही.

ही चार कारणं एका जागी मांडली की कळतं, बाग सुटणं हा कुणा एकीचा स्वभाव नाही. पण पाचवं एक कारण आहे, ते जास्त महत्त्वाचं.

थकवा अंगातला असेल तर?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या दहा जणींच्या गटात अंदाजे पाच जणी. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता, म्हणजे तो वाढला.

रक्त कमी असलं की काय होतं? थोड्या कामात धाप लागते, चक्कर येते, हातपाय गार पडतात, थंडी जास्त वाजते, कशातच उत्साह राहत नाही. आता बघा चक्र कसं फिरतं. रक्त कमी म्हणून थकवा. थकवा म्हणून बाग सुटली. बाग सुटली म्हणून ताटातली पालेभाजी गेली, भाकरीबरोबर ठेचा नाहीतर पिठलं. आणि तसं खाऊन थकवा आणखी वाढला. आपण मात्र हे "कंटाळा" या एका शब्दात गुंडाळतो.

म्हणून पहिलं काम बागेतलं नाही, आरोग्य केंद्रातलं आहे. हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारलं तर त्या तपासणीचं सांगतील. गोळ्या मिळाल्या तर त्या डब्यात ठेवू नका, खा. एक गोष्ट स्पष्ट सांगते: रक्त फार कमी असेल तर नुसत्या पालेभाजीने ते भरून येत नाही, औषध घ्यावंच लागतं. पण औषधाने वाढलेलं टिकायला रोजचं ताट लागतं. तिथे बाग कामाला येते. पालेभाजीवर लिंबू पिळलं किंवा सोबत आवळा-पेरू खाल्ला तर त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. जेवणाला चिकटून चहा घेतला तर कमी लागतं. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा, एवढंसुद्धा पुरतं.

आणि मनाचंही बोलू. दोन-दोन आठवडे कशातच जीव रमत नाही, झोप येत नाही, उगाच रडू येतं, जगणं नकोसं वाटतं, असं होत असेल तर तो बागेचा कंटाळा नव्हे. ते दुखणं आहे आणि त्याला उपचार आहे. गटातल्या जवळच्या ताईला सांगा, उपकेंद्रात बोला. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. यात लाज नाही.

"थंडीत भाजी स्वस्तच असते की!"

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो आणि तो बरोबर आहे. डिसेंबर-जानेवारीत बाजारात मेथीची जुडी, फ्लॉवर, टोमॅटो मातीमोल होतात. मग घरी कशाला राबायचं?

पण बाजार आपल्याकडे आठवड्यातून एकदा भरतो. पालेभाजी दुसऱ्या दिवशी सुकते. बाजाराच्या दिवशी मेथी, दुसऱ्या दिवशी उरलेली मेथी, पुढचे दोन दिवस बटाटा नाहीतर वांगं, आणि शेवटचे तीन दिवस डाळ, पिठलं, चटणी. त्यात वेचणीच्या दिवसात बाजारच चुकला, तर आठवडाभर तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात एका मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. आपल्या ताटात पाव किलो तरी असते का, ते एकदा मोजून बघा. आणि घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, तिच्या वाट्याला भाजी किती उरते, तेही बघा.

तेव्हा थंडीतली बाग पैसे वाचवण्यासाठी थोडी आणि रोज मूठभर ताजी पालेभाजी मिळण्यासाठी जास्त. मोठी बाग नको. रोज एक मूठ निघाली तरी बाग पास.

पाणी: इथे आपण उगाच दमतो

थंडीच्या बागेचं एक गुपित सांगते. ती पावसाळी किंवा उन्हाळी बागेपेक्षा सोपी आहे. तण कमी उगवतं, जमीन लवकर सुकत नाही, पालेभाज्यांना हाच हंगाम मानवतो. तरी आपण दमतो, कारण उन्हाळ्याच्या सवयीने रोज पाणी घालत बसतो, नाहीतर "रोज जमत नाही" म्हणून अजिबातच सोडून देतो.

रोज लागतच नाही. पाणी घालण्याआधी वाफ्यात बोटाची दोन पेरं खुपसून बघा. आत ओल लागली तर आज सुट्टी. काळ्या जमिनीत चार-पाच दिवसांनी, हलक्या मुरमाड जमिनीत दोन-तीन दिवसांनी पाणी पुरतं. फक्त नव्याने पेरलेला वाफा उगवून येईपर्यंत वरून ओला राहायला हवा. त्याच्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवा, कोंब दिसले की लगेच काढा.

उगवण झाल्यावर दोन ओळींच्या मधे आच्छादन करा. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळका पाला, जे घरात आहे ते चार बोटं जाड पसरा. ओल टिकते, तण दबतं, आणि रात्रीच्या गारठ्यात मुळांना ऊब राहते. हे काम एका दुपारचं आहे, पण ते पुढच्या महिन्याभराच्या फेऱ्या वाचवतं.

पाणी सकाळी उन्हं आल्यावर घाला. अंधारात, गारठ्यात उठून घालायची गरज नाही. संध्याकाळी पानं भिजवली तर रात्रभर ओली राहतात आणि बुरशी येते, ते टाळा. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी केळी, अळू, शेवगा, पपई यांच्याकडे वळवा. कच्च्या खायच्या भाजीला, कोथिंबिरीला ते नको.

तीन वाफे, बास

पावसाळ्यात सात वाफ्यांची, गोल गोल आखणीची बाग केली होती ना? थंडीत सगळे वाफे चालवायचा हट्ट सोडा. दाराजवळचे, येता-जाता दिसणारे तीन वाफे निवडा. बाकीच्या वाफ्यांतली वाळलेली झाडं काढा, शेणखत टाका, वर पाला पसरा आणि त्यांना फाल्गुनापर्यंत आराम द्या. जमिनीलाही विश्रांती लागते. चार वाफे झाकून ठेवले म्हणजे बाग हरली असं नाही. सात वाफे उघडे वाळत पडण्यापेक्षा तीन हिरवे बरे.

पहिला वाफा पालेभाजीचा. याचे तीन तुकडे करा. आज एका तुकड्यात मेथी पेरा, दहा दिवसांनी दुसऱ्यात, आणखी दहा दिवसांनी तिसऱ्यात. मेथी साधारण महिनाभरात येते. पहिली संपेपर्यंत दुसरी तयार. सगळी एकदम पेरली की पंधरा दिवस मेथीच मेथी, पोरं तोंड वाकडं करतात आणि मग महिनाभर काहीच नाही. कडेला पालक लावा. तो पाच आठवड्यांत कापायला येतो. मुळासकट उपटू नका, दोन बोटं ठेवून कापा, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा येतो. तीन-चार कापण्या सहज मिळतात.

दुसरा वाफा जमिनीखालचा. मुळा ४० ते ४५ दिवसांत येतो आणि त्याचा पालाही भाजीला होतो. गाजराला ८० ते ९० दिवस लागतात. कडेने लसणाच्या पाकळ्या खोचा. गड्डा व्हायला चार महिने लागतात, पण महिन्याभरात पात खुडता येते. घरातले मोड आलेले कांदेही फेकू नका, मातीत पुरा, पात मिळते. पात कापून चटणीत, पिठल्यात, भाकरीत कुठेही जाते.

तिसरा वाफा कोथिंबीर आणि मिरचीचा. धने तसेच टाकू नका. चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर पाण्यात भिजवा, मग पेरा. तरी दहा-पंधरा दिवस धीर धरायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

आणि कुंपणावर वालाचा वेल असेल तर त्याला हात लावू नका. जुना गावरान वाल, पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. ज्या लहान दिवसांनी आपण कंटाळतो, त्याच दिवसांत त्याला शेंगा लागतात. त्याला आता पाणीही फारसं लागत नाही.

ज्यांना हे तीन वाफेही जमणार नाहीत, त्यांनी शेतातल्या हरभऱ्याकडे बघावं. पेरणीनंतर महिनाभराने, फुलं यायच्या आधी शेंडे खुडले की भाजी मिळते आणि झाडाला फांद्याही जास्त फुटतात. गव्हा-हरभऱ्यात आपोआप येणारा चाकवत तण म्हणून बांधावर फेकतो, तो पातळ भाजीला घरी आणा. हीसुद्धा परसबागच, फक्त शेतात आहे.

भोगीचं ताट धरून उलटं मोजा

मन लागत नसलं की लांबचं काही दिसत नाही. म्हणून एक जवळची तारीख धरा. आपल्याकडे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ किंवा १४ जानेवारीला, भोगी असते. बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि सगळ्या हंगामाची मिळून एक भाजी. ठरवा की त्या भाजीतल्या निदान तीन गोष्टी आपल्या मातीतल्या असतील. आता उलटं मोजा.

मुळा आणि कोथिंबीर: ४५ दिवस आधी, म्हणजे नोव्हेंबरअखेर पेरायला हवी.
पालक: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.
मेथी: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.
गाजर: याची वेळ दसरा-दिवाळीच्या दरम्यान होती. चुकली असेल तर भोगीला बाजारचं गाजर घ्या. आत्ता पेरलेलं फेब्रुवारीअखेर खाऊ.
पावटा, वांगी: पावसाळ्यातली झाडं जपली असतील तर आहेतच.

लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या तायांनी वेळ अमावस्येची भज्जी डोळ्यांसमोर ठेवावी. चंपाषष्ठीच्या भरताला घरचं वांगं निघालं तर आणखी काय पाहिजे? देवाच्या निमित्ताने हात मातीत गेला तरी चालेल.

कीड आली तर घाबरू नका

थंडीत ढगाळ हवा आली की मावा येतो. पानाच्या मागे चिकट, बारीक, हिरवे-काळे किडे दिसतात. सुरुवातीला चार-दोन पानं असतील तर ती तोडून मातीत पुरा. सकाळी दवात चुलीची चाळलेली राख पानांवर भुरभुरा. जास्त असेल तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, पाणी घालून एक लिटर करा, चिमूटभर साबण विरघळवा आणि फवारा. घरच्या भाजीवर शेतातलं कीटकनाशक मारू नका. सकाळी मारलं आणि दुपारी पोराने मुळा उपटून खाल्ला, तर कोण जबाबदार?

कोंबड्या-शेळ्यांवर औषध नाही, कुंपणच. साडी आता विरली असेल. तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या निघतायत, जळणाला नेण्याआधी दोन भारे कुंपणाला ठेवा.

बाग एकटीची नाही

"तुझी बाग" हा शब्द घरातून काढून टाका. खातात सगळे, राबते एकटी, हे थंडीत फार बोचतं. पाण्याचे दिवस वाटून घ्या. बुधवारी पोरीने आणि पोरानेही, रविवारी घरच्या मालकांनी. सासूबाई किंवा आजेसासूबाई उन्हाला बसतातच, त्यांची खाट बागेजवळ टाका. कोंबड्या हाकलणं आणि मेथी निवडणं दोन्ही होतं, आणि त्यांनाही बरं वाटतं. "मला जमत नाहीये, तुम्ही एक दिवस घ्या," हे वाक्य म्हणायला आपल्याला जड जातं. म्हणून बघा. एका ताईंचे मालक आधी हसले आणि आता रोज पालक मीच कापणार म्हणतात.

स्वतःपुरता एक नियम ठेवा: रोज नाही, आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं. चहाचा कप हातात घेऊन गेलात तरी चालेल. एखादा आठवडा चुकला तर चुकला. पुढच्या आठवड्यात बोट खुपसून ओल बघायची आणि पुन्हा सुरू करायचं.

गटाने काय करायचं

बैठकीत दशसूत्री म्हणतो, त्यात आरोग्य आहे. मग बचत आणि परतफेड झाल्यावर पाच मिनिटं बागेला द्या. पण कुणाची बाग वाळली म्हणून तिला बोल लावायचा नाही. तिला एवढंच विचारायचं, "ताई, काय अडलं?" कुणाला बी नसेल, कुणाला कुंपण, कुणाला वेळ, कुणाला बरं नसेल. अडलेलं कळलं तर सोडवता येतं.

दोन शेजारणींची जोडी लावा. एकीच्या अंगात कणकण असेल त्या आठवड्यात दुसरीने पाणी घालायचं. आपल्यातल्या ज्या ताया ऊसतोडीला जातात त्यांची बाग जाताना जोडीदारणीकडे द्या, भाजी तिची, वाल आणि मेथीचं बी परत येणाऱ्या ताईचं. शेवगा, कढीपत्ता, पपई असली तर ती अशीही तग धरतात. कारखान्यावर जाताना मूठभर मेथी आणि धने पिशवीत टाका. कोपीच्या कडेला दोन हात जागा आणि आंघोळीआधी बाजूला काढलेलं तांब्याभर चांगलं पाणी मेथीला पुरतं.

बियाण्याचंही आपणच बघू. पावसाळ्यात मिळालं, थंडीत नाही मिळालं, म्हणून बाग थांबली असं किती वर्षं म्हणायचं? अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा न शिकता घराभोवतीच्या बागेतून गावरान बियाणं जपलं, परिसरातल्या बायकांचे गट जोडले, आणि २०२० चा पद्मश्री त्यांना मिळाला. आपल्याला पद्मश्री नको, पुढच्या वर्षाचं बी हवं. मेथीची चार रोपं, कोथिंबिरीची चार, वालाच्या दहा चांगल्या शेंगा झाडावरच वाळू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बी काढा, राख लावून बाटलीत घट्ट झाकून ठेवा.

आणि एक सुचवणं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या किती जमल्या घरात! या वर्षी ग्रामसंघाचं हळदीकुंकू एकत्र करू आणि वाणात बी लुटू. जुन्या वर्तमानपत्राची पुडी, त्यात मूठभर पालक नाहीतर वालाचं बी, वरती बीचं नाव आणि पेरायचा महिना. ज्या तायांना नवरा नाही म्हणून हळदीकुंकवाला बोलावलं जात नाही, त्यांनाही बोलावू. बी सगळ्यांच्याच हाताने उगवतं.

माझ्या वाळलेल्या बागेचं सांगायचं राहिलं. त्या थंडीत माझं हिमोग्लोबिन ९ निघालं. गोळ्या सुरू केल्या आणि मागच्या दारी एकच वाफा ठेवला, मेथीचा. भोगीला त्यातली एक जुडी निघाली, बाकी सगळं बाजारचं. पण त्या जुडीमुळे मागचं दार रोज उघडायला लागले.

तर तायांनो, हा अंक वाचून झाला की उठा. सगळी बाग आज साफ करू नका. एका वाफ्यातली वाळकी भेंडी उपटा, माती हलकी करा आणि मूठभर मेथी टाका. पुढच्या बैठकीत मी विचारणार आहे, उगवली का म्हणून. नाही उगवली तरी या. आपण मिळून बघू काय अडलं ते.

तुमचीच,
एक कृषी सखी